चकतीची खाच, सोयाबीनचा दाणा आणि मोबाईलचा कॅमेरा : मशिनला 'आकार' कळतो तरी कसा?

पेरणीच्या तोंडावर आपण बियाणं बघतो, खत बघतो, आभाळ बघतो. पेरणी यंत्राच्या डब्यातली चकती मात्र फारसं कुणी बघत नाही. गेल्या हंगामात मीही बघितली नव्हती. तळहाताएवढ्या त्या चकतीने मला जे शिकवलं, तेच आज सांगतो. गोष्ट चकतीची असली तरी कारखान्यातलं कॅड डिझाईन, सीएनसी मशिन, डाळमिलमधलं सॉर्टेक्स आणि रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशिन ही सगळी तिच्याच नात्यातली आहेत. या सगळ्यांना एकच काम करावं लागतं : वस्तूचा आकार ओळखणं.

आधी चकतीचं काम समजून घ्या

आपल्याकडे औसा, निलंगा, चाकूरपासून उदगीरपर्यंत आता बरेच जण रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे बीबीएफ यंत्राने सोयाबीन पेरतात. या यंत्राच्या प्रत्येक डब्यात एक तिरकी चकती असते आणि तिच्या कडेला खाचा असतात. चकती फिरते, खालच्या बाजूला खाचेत एक दाणा बसतो, वर आला की नळीत पडतो. खाचेत न बसलेले दाणे घसरून परत डब्यात जातात. एक खाच, एक दाणा. एवढं साधं गणित.

दोन दाण्यांतलं अंतरही यावरूनच ठरतं. समजा, यंत्राच्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर आहे. ३.१४ ने गुणलं की चाकाचा घेर सुमारे १२६ सेंटिमीटर. चाकाच्या एका फेऱ्यात चकतीचा एक फेरा होत असेल आणि चकतीला २४ खाचा असतील, तर १२६ भागिले २४ म्हणजे सव्वापाच सेंटिमीटरला एक दाणा. सोयाबीनला दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतराची शिफारस आहे, तिच्या जवळच हे बसतं. हीच चकती १२ खाचांची लावली तर अंतर साडेदहा होईल. तुमच्या यंत्रात चेन आणि दात्यांच्या हिशोबाने फेरे वेगळे असू शकतात, ते आधी मोजून घ्या.

माझी चूक काय झाली?

माझ्या यंत्राची एक चकती फुटली. दुकानात त्या मापाची मिळेना, पाऊस तर दाराशी आलेला. म्हणून दुसऱ्या डब्यातली जुनी चकती काढली आणि शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. म्हटलं, "हुबेहूब अशीच करून द्या." त्यांनी व्हर्नियर लावून माप घेतलं, कॉम्प्युटरवर चित्र काढलं आणि नायलॉनच्या शीटमधून सीएनसीवर दोन चकत्या कापून दिल्या. काम एकदम स्वच्छ झालं. मी खूश.

घरी आल्यावर सहज तपासून बघितलं. यंत्र ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचललं, नळीच्या तोंडाला पिशवी बांधली आणि चाक हाताने दहा फेरे फिरवलं. दहा फेरे गुणिले २४ खाचा म्हणजे २४० दाणे पडायला हवे होते. मोजले तर ३३१!

म्हणजे बऱ्याच खाचांत दोन-दोन दाणे बसत होते. ज्या एकराला २२ किलो बी लागायचं, तिथं ३० किलो गेलं असतं. बियाणं वाया जातंच, वर रोपांची दाटी होते आणि झाडं एकमेकांना वाढू देत नाहीत.

परत वर्कशॉपला गेलो. तिथल्या ऑपरेटर पोराने विचारलेला प्रश्न अजून लक्षात आहे : "काका, माप चकतीचं घ्यायचं होतं की दाण्याचं?"

चूक माझीच होती. नमुना म्हणून दिलेली चकती पाच-सहा हंगाम चालून झिजलेली होती. मूळची ८ मिलिमीटरची खाच झिजून १० च्या घरात गेलेली. मी 'हुबेहूब' म्हटलं आणि मशिनने चकतीसोबत झीजही हुबेहूब उतरवली.

'फीचर' म्हणजे काय?

त्या पोराने मग कॉम्प्युटरवर जे केलं ते बघण्यासारखं होतं. त्याने २४ खाचा पुन्हा काढल्या नाहीत. एका खाचेची रुंदी जिथं लिहिली होती, तिथं १० खोडून ८ केलं. झालं! चोवीसच्या चोवीस खाचा आपोआप बदलल्या.

हे शक्य झालं, कारण त्याच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये चकती म्हणजे नुसत्या रेघांचं चित्र नव्हतं. ती अशी लिहिलेली होती : एक गोल तबकडी, अमुक व्यास, अमुक जाडी. मधोमध एक आरपार भोक. कडेला एक खाच, तिची रुंदी इतकी, खोली इतकी. आणि ही खाच गोलाकार सारख्या अंतराने २४ वेळा. यातल्या प्रत्येक ओळीला तांत्रिक भाषेत 'फीचर' म्हणतात. आपण त्याला आकाराची खूण म्हणू. भोक, खाच, आटे, कडेची तासलेली धार ही सगळी फीचर्स.

साध्या चित्रात कॉम्प्युटरला फक्त गोल रेघ दिसते. फीचर म्हणून लिहिलं की त्याला कळतं, हे भोक आहे, आरपार आहे, इतक्या व्यासाचं आहे. गावातला जुना सुतार तिफण बघून तोंडपाठ सांगायचा, 'इथं वेज, इथं खाच, इथं पाचर'. त्यालाही लाकडात फीचरच दिसायचे.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र काढण्याची सुरुवात जुनी आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम दाखवला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघा काढायच्या आणि 'या दोन रेघा समांतर ठेव' असं सांगायचं, हे त्यात होत होतं. फीचर आणि मापं एकमेकांना बांधून ठेवणारी सॉफ्टवेअर बाजारात रुळली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. एक माप बदललं की अख्खा पार्ट बदलतो, ही त्यांची खरी ताकद.

चित्रातून मशिनपर्यंत

सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं मशिन. याची सुरुवातही अमेरिकेतलीच. हेलिकॉप्टरच्या पात्याचा वळणदार आकार अचूक कापण्यासाठी जॉन पार्सन्स यांनी आकड्यांवर मशिन चालवायची कल्पना मांडली. पुढे १९५२ मध्ये एमआयटीने असं चालणारं मिलिंग मशिन दाखवलं.

आता फीचरचा इथं उपयोग काय? समजा कॉम्प्युटरला कळलं की हे भोक आहे. मग ड्रिल लागणार, किती जाडीचं लागणार, किती खोल जायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं. खाच असेल तर ड्रिल चालत नाही, मिलिंगचं कटर लागतं. आटे असतील तर आधी भोक, मग टॅप. म्हणजे आकाराची खूण ओळखली की काम कसं करायचं तेही ठरतं. सॉफ्टवेअर यातून मशिनला समजणारे हुकूम लिहितं. उदाहरणार्थ, 'जी ८१' म्हटलं की साधं भोक पाड, 'जी ०२' म्हटलं की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोलाईत चाल.

आणखी एक गोष्ट चित्रात लिहावी लागते, ती म्हणजे मापात किती फरक चालेल. आपल्याकडे अजून सुताची भाषा चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. फाटकाच्या कडीला अर्धा सूत इकडे-तिकडे चालतं. पण १० मिलिमीटरच्या शाफ्टवर अचूक बसणाऱ्या भोकासाठी एच ७ हे प्रमाण दिलं, तर भोक १०.००० ते १०.०१५ मिलिमीटर एवढ्याच हद्दीत असावं लागतं. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले फक्त पंधरा! जिथं गरज आहे तिथंच एवढं अचूक माप मागा. सगळीकडे मागितलं की बिल वाढतं.

मग खाच ८ मिलिमीटरचीच का? दाणा मोजायचा कसा?

ऑपरेटरच्या प्रश्नात खरा मुद्दा हा होता. खाचेचं माप दाण्यावरून ठरायला हवं. सगळ्यात लांब दाणा आरामात बसेल, पण दुसऱ्याला जागा राहणार नाही, एवढीच थोडी मोठी खाच हवी. त्यासाठी स्वतःच्या बियाण्याचा दाणा मोजायला पाहिजे, कारण वाणावाणात फरक असतो.

शंभर दाणे व्हर्नियरने मोजत बसण्यापेक्षा मोबाईलने मोजता येतात. कसं ते बघा.

एका गडद, न चमकणाऱ्या कागदावर दाणे पसरा. एकाला एक चिकटू देऊ नका. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, तीच आपली पट्टी. मोबाईल बरोबर वरून, तिरका न करता धरा आणि फोटो काढा.

आता फोटो म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची जाळी. सॉफ्टवेअर आधी उजळ ठिपके आणि गडद ठिपके वेगळे करतं. उजळ ठिपक्यांचा एकेक पुंजका म्हणजे एकेक दाणा. फोटोत नाणं ५४० पिक्सेल रुंद आलं, तर ५४० भागिले २७ म्हणजे एका मिलिमीटरला २० पिक्सेल. एखादा दाणा १४० पिक्सेल लांब आणि १२४ पिक्सेल रुंद आला, तर तो ७ मिलिमीटर लांब आणि ६.२ मिलिमीटर रुंद. रुंदीला लांबीने भागलं की ०.८९. हा आकडा १ च्या जितका जवळ, तितका दाणा गोल.

दुसरा एक आकडा वापरतात, त्याला गोलाई म्हणू. पुंजक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला ४ ने आणि ३.१४ ने गुणायचं, आणि घेराच्या वर्गाने भागायचं. पूर्ण वर्तुळाला उत्तर १ येतं. चौकोनाला ०.७९ च्या आसपास. रुंदीच्या चौपट लांब पट्टीला फक्त ०.५०. म्हणजे दाणा, काडी आणि ढेकूळ यांत फरक करायला मशिनला डोळे नकोत, हा भागाकार पुरतो. दाणा कागदावर आडवा पडलाय की उभा, जवळून फोटो काढलाय की लांबून, यानेही हा आकडा फारसा बदलत नाही. चांगल्या खुणेचं लक्षणच ते, वस्तू फिरवली तरी खूण तीच राहते. अशा न बदलणाऱ्या सात आकड्यांचा संच मिंग-क्वेई हू यांनी १९६२ सालीच मांडला होता, तो आजही वापरात आहे.

हे करायला 'इमेजजे' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेलं. मूळ काम पेशी मोजण्यासारखं, पण दाणेही तेवढ्याच मुकाट्याने मोजतं. लॅपटॉपवर चालतं.

माझ्या बियाण्यात लांबातला लांब दाणा सव्वासात मिलिमीटरच्या आत निघाला. म्हणून खाच ८ ची. नव्या चकतीवर पुन्हा दहा फेरे फिरवले. २४६ दाणे पडले. पेरणी तीन दिवस लांबली, पण बी वाचलं.

कॅमेरा इथं फसतो, बरं का!

सोयाबीनचा दाणा फुटून डाळ झाली असेल आणि ती सपाट बाजूवर पडली असेल, तर वरून तीही गोलच दिसते. कॅमेऱ्याला दिसते ती फक्त कड, जाडी दिसत नाही. त्यामुळे नुसत्या वरच्या फोटोवर 'सगळे दाणे अख्खे' असा निकाल देऊ नका.

मजा म्हणजे जिथं कॅमेरा फसतो तिथं आपलं साधं स्पायरल सेपरेटर फसत नाही. ना लाईट, ना मोटर, ना कॉम्प्युटर. पत्र्याच्या गोल गोल घसरगुंडीवरून दाणे सोडायचे. अख्खा गोल दाणा वेगाने गडगडत बाहेरच्या कडेला जातो. फुटका, चपटा, सुरकुतलेला दाणा हळू घसरत आतल्या बाजूला राहतो. हीसुद्धा आकारावरून केलेली निवडच, फक्त मोजणारा कॅमेरा नाही, दाण्याचं स्वतःचं गडगडणं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आकार चांगला म्हणजे उगवण चांगली, असं अजिबात नाही. मळणीत मार लागलेला दाणा दिसायला टपोरा असू शकतो. घरचं बियाणं वापरणार असाल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात किंवा कागदात ठेवून उगवण तपासाच. ७० किंवा जास्त दाणे नीट उगवले तरच ते बियाणं म्हणून वापरा.

सॉर्टेक्स, क्यूआर कोड आणि अंगठा

लातूरच्या डाळमिलमध्ये 'सॉर्टेक्स केलेली डाळ' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. त्या मशिनमध्ये दाणे कॅमेऱ्यासमोरून धारेने पडतात. वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की हवेचा बारीक फवारा त्याला बाजूला उडवतो. नव्या मशिनमध्ये रंगासोबत आकारही तपासतात. काडी, खडा, तुकडा वेगळा काढायला आकाराची खूणच कामाला येते.

चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण क्यूआर कोड स्कॅन करतो. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन चौकोन असतात ना? मोबाईल आधी तेच शोधतो. त्या चौकोनाच्या मधून रेघ ओढली तर काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं, कोणत्याही बाजूने ओढा. म्हणून कोड उलटा धरला तरी चालतो. हा कोड १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला काढला. कारखान्यातून निघाला आणि आपल्या टपरीवर आला.

रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशिनही अख्ख्या अंगठ्याचा फोटो फोटोशी जुळवत बसत नाही. अंगठ्यावरची रेघ कुठं संपते आणि कुठं तिला फाटा फुटतो, अशा जागा ते टिपतं आणि त्या जुळवतं. आता लक्षात येईल, खुरपणी-मजुरी करणाऱ्या आपल्या आई-मावश्यांचा अंगठा मशिन का घेत नाही. रेघा झिजल्या की खुणाच पुसल्या जातात. त्यात त्या बाईचा दोष नाही. खूण नाही म्हणजे माणूस नाही, असं होत नाही. तिथं दुसरं बोट, डोळ्यांचं स्कॅन किंवा मोबाईलवरचा ओटीपी असा दुसरा मार्ग विचारायचा.

मशिनने माल नाकारला तर काय विचारायचं?

फळं, कांदा, धान्य यांची प्रतवारी कॅमेऱ्याच्या मशिनवर होण्याचं प्रमाण वाढतंय. मशिन बोललं म्हणजे संपलं, असं समजू नका. मशिन फक्त आकडे काढतं. किती आकड्याच्या खाली माल दुय्यम धरायचा, ही रेघ माणूसच ठरवतो. म्हणून शांतपणे एवढं विचारा :

१. कोणत्या खुणेवर माल बाजूला काढला? माप, रंग की आकार?

२. हद्द किती ठेवली आहे? किती मिलिमीटर?

३. बाजूला काढलेला माल दाखवा. तो डोळ्यांनी बघा.

४. बाजूला गेलेल्यातला थोडा माल पुन्हा मशिनमधून काढा. दुसऱ्यांदा त्यातला बराच माल चांगल्यात गेला, तर सेटिंग किंवा कॅमेऱ्याची काच तपासायला सांगा. काचेवर धूळ बसली तरी निकाल बदलतो.

वर्कशॉपला पार्ट करायला देताना

नमुना झिजलेला असेल तर आधी सांगा आणि कुठं झिजलाय ते दाखवा. जमलं तर त्याच पार्टचा कमी वापरलेला भाग न्या. पार्टला कोणता दुसरा पार्ट बसतो तोही सोबत न्या. शाफ्ट असेल तर शाफ्ट, दाणा असेल तर मूठभर दाणे. भोकाचं अंतर कडेपासून सांगताय की मध्यापासून, हे स्पष्ट करा. आणि काम झाल्यावर कॉम्प्युटरमधली फाईल मागून घ्या, पेनड्राईव्हवर किंवा मोबाईलवर. पुढच्या वेळी एकच आकडा बदलावा लागेल.

आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, टर्नर, मशिनिस्ट करणाऱ्या पोरांसाठी एक सांगणं. 'फ्रीकॅड' नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फीचर पद्धतीनेच चालतं. गावातल्या पेरणी यंत्राची चकती त्यात काढून बघा. तबकडी, मधलं भोक, एक खाच, आणि ती २४ वेळा. पहिल्या धड्याला यापेक्षा चांगला पार्ट सापडायचा नाही, आणि घरच्यांच्या कामालाही येईल.

बाकी सगळ्यांनी एवढंच करा. औंदा पेरणीच्या आधी यंत्र उचला, पिशवी बांधा, दहा फेरे फिरवा आणि दाणे मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. चकती झिजली असेल तर ती घरीच कळेल, रानात कळायला नको. माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की टाका.